जुलैतल्या लिली आणि त्यांचे शेजारी

मृद्गंधा:
बागकामाच्या मुख्य धाग्यावर लिलीचे प्रश्न बघता बघता खाली जातात आणि मग तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. हिवाळा कडक आणि जून-जुलैत बाग ऐन भरात, अशा हवामानातल्या बहुवर्षायू फुलझाडांबद्दल इथे बोलू. म्हणजे थंडीत वरचा पाला मरतो, मुळं किंवा कंद जमिनीखाली जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा कोंब येतात, अशी झाडं. इतर हवामानातल्यांनीही बिनधास्त यावं.

माझ्या वाफ्याची आत्ताची खबर: एशियाटिक लिली ओसरायला लागल्यात. तोंड वर करून उमलणाऱ्या, शेंदरी-पिवळ्या, वासाच्या नावाने शून्य. त्यांच्या मागोमाग ट्रंपेट लिली उमलतायत. त्यांचा वास दुपारी फारसा जाणवत नाही, पण दिवस कलला की सगळं अंगण भरून जातं. ओरिएंटल अजून हिरव्या कळ्यांत आहेत, त्यांना वेळ आहे. या तिन्ही प्रकारांचे थोडे थोडे कंद लावले की जूनपासून ऑगस्टपर्यंत लिलीचं फूल बागेत असतंच.

आता मुद्द्याचं. माझं ठाम मत आहे की लिली एकटी लावू नये. कॅटलॉगात नुसत्या फुलाचा फोटो असतो. प्रत्यक्षात एक सरळसोट दांडा, त्यावर बारकी पानं आणि डोक्यावर फुलं. फुलं गेली की उरतो नुसता दांडा, आणि खालची पानं त्याआधीच पिवळी पडलेली असतात. शिवाय लिलीला डोक्यावर ऊन लागतं, पण मुळाशी माती गार हवी. ही दोन्ही कामं बुटका, पसरणारा शेजारी करतो. माझ्याकडे हे काम जिरेनियमकडे आहे (कुंडीतलं लाल जिरेनियम नव्हे, ते पेलार्गोनियम. हे थंडीत तगणारं, जमिनीलगत पसरणारं). 'रोझॅन' ही जात निळी-जांभळी, जूनपासून थंडी पडेपर्यंत न थकता फुलते. २००८ साली अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने तिला वर्षाचं झाड ठरवलं होतं, ते उगाच नाही.

तुमच्या लिलींचे शेजारी कोण आहेत?

अंगणवेल:
मस्त धागा! माझ्याकडे लिलीच्या पायाशी अल्केमिला आहे. पोपटी फुलांचा फेस आणि गोल पानं. सकाळी पानांवर पाण्याचे थेंब गोळ्या होऊन बसतात, पान भिजतच नाही. शेंदरी लिलीखाली तो पोपटी रंग फार खुलतो. मात्र फुलं सुकायच्या आत कापा, नाहीतर बी पडून पुढच्या वर्षी वाटेच्या फटीफटीत अल्केमिला.

कंदमुळे:
शेजारी निवडताना एक बघा, तो दांडगा नको. पुदिन्याच्या कुळातले काही पाहुणे वर्षभरात कंदाचा श्वास कोंडतात. मोनार्डासुद्धा त्यातलाच, दिसायला झकास पण हातपाय पसरतो. त्याला दोन हात लांबच ठेवावं.

नुसताच_वाचक:
वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: डेलिली आणि लिली एकच का? माझ्याकडे पिवळ्या डेलिलीचं मोठं बेट आहे. मी आजवर सगळ्यांना लिली म्हणूनच दाखवतो.

कंदमुळे:
एक नाहीत. खरी लिली म्हणजे लिलियम. खाली कंद, कंदाला लसणासारख्या सुट्या पाकळ्या पण वर कागदी साल नाही, म्हणून तो पटकन सुकतो आणि कोरडा ठेवून चालत नाही. एकच दांडा, पानं त्या दांड्यालाच. डेलिली म्हणजे हेमेरोकॅलिस. तिला कंद नाही, जाड मांसल मुळं. लांब पात्यांसारखी पानं थेट जमिनीतून येतात आणि फुलांचा दांडा वेगळा, जवळजवळ बिनपानांचा.

फुलातही फरक आहे. डेलिलीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमललं, रात्री मिटलं, संपलं. दांड्यावर कळ्या पुष्कळ असतात म्हणून बहर आठवडेच्या आठवडे चालतो. लिलीचं एकेक फूल मात्र आठवडाभर सहज टिकतं.

पिवळं आणि बुटकं बेट असेल तर 'स्टेला द ओरो' असण्याची शक्यता बरीच. १९७५ ची जात, वॉल्टर याब्लोन्स्की यांनी काढलेली. पहिला बहर झाला की थांबून पुन्हा फुलते, त्यामुळे जगभर रस्त्याकडेच्या बागांत तीच दिसते. इतकी दिसते की मला आता बघवत नाही, पण तो माझा दोष.

नुसताच_वाचक:
बुटकं आणि पिवळंच आहे 😀 बघवत नसेल तर माझ्या बागेत येऊ नका.

मनीची_आई:
सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकतेय, पण हे धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं. घरात मांजर असेल तर लिली आणि डेलिली दोन्ही नकोत. बागेतही नकोत आणि फुलदाणीत तर नकोच. पान, पाकळी, देठ, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी. मांजर फुलाला घासून जातं, अंगावर पराग पडतात, मग अंग चाटतं. तेवढंही पुरतं. आधी उलट्या आणि मरगळ, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी. लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, शंका आली की त्याच क्षणी डॉक्टर गाठायचा. कुत्र्याला सहसा पोट बिघडण्यापलीकडे जात नाही, मांजराचं मात्र जिवावर बेततं.

अंगणवेल:
बिनपरागाच्या दुहेरी लिली मिळतात ना? रोझलिली वगैरे. त्या चालतील का?

मनीची_आई:
नाही. परागाचे डाग पडत नाहीत एवढाच फायदा. पानं आणि पाकळ्या तितक्याच विषारी.

मृद्गंधा:
मनीची_आई, बरं झालं लिहिलंत. मूळ लेखात वरच टाकते.

मांजरवाल्यांसाठी याच दिवसांतली निर्धोक झाडं: एकिनेशिया, फ्लॉक्स, लायॅट्रिस. लायॅट्रिस मला लिलीइतकाच आवडतो. जांभळा उभा तुरा, आणि तो वरून खाली उमलत येतो. बहुतेक तुरे खालून वर फुलतात, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं शेंडा आधी का फुटलाय, काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नसतं.

बापू_वाफेवाले:
आमचा अनुभव सांगतो. फुलं गेली की मी लिलीचा दांडा जमिनीलगत कापतो. स्वच्छ दिसतं. ते पिवळे दांडे उन्हाळाभर कोण बघणार?

कंदमुळे:
बापू, असं करू नका हो. पुढच्या वर्षीचं फूल याच वर्षीच्या पानांतून तयार होतं. लिलीला दुसरी पानं नाहीत, जे आहे ते त्या एका दांड्यावर. तो कापला की कंदाची शिदोरी बंद. पुढच्या वर्षी दांडा बारीक, कळ्या कमी, आणि असंच चालू ठेवलं तर एक दिवस नुसती पानं येतील, फूल नाहीच. फुलं गेली की फक्त वरचा फुलांचा भाग कापा, बी धरू देऊ नका. दांडा शरदात आपोआप वाळून हाताला सहज सुटून आला की मगच काढा.

फुलदाणीसाठी तोडतानाही हेच. एक तृतीयांशापेक्षा जास्त दांडा घ्यायचा नाही.

बापू_वाफेवाले:
मान्य, पण मग दिसायला जे ओंगळ दिसतं त्याचं काय? तुम्ही शास्त्र सांगता, आम्हाला बाग बघायची असते.

मृद्गंधा:
म्हणूनच तर शेजारी म्हणतेय! लिली मधल्या किंवा मागच्या रांगेत घ्या आणि तिच्या पुढे उशिरा वाढणारं काहीतरी. एशियाटिक संपतात तेव्हा नेमके फ्लॉक्स आणि एकिनेशिया उंची धरत असतात. जुलै संपेपर्यंत लिलीचा दांडा कुठे आहे ते शोधावं लागतं. त्यानंतर रुडबेकिया पिवळा धम्मक फुलतो आणि कुणाचं मागे लक्षच जात नाही. लिलीचं म्हातारपण झाकायचं असतं, कापायचं नसतं.

डेलिलीला हे लागू नाही बरं का. तिची पानं वेगळी असतात, त्यामुळे सगळ्या कळ्या संपल्या की फुलांचा दांडा बुडापासून काढला तरी बेटाचं काही बिघडत नाही.

बापू_वाफेवाले:
हां, हे पटलं. पुढे फ्लॉक्स लावून बघतो.

अंगणवेल:
फ्लॉक्सचं नाव काढलंत म्हणून विचारते, भुरीचं काय करता? दरवर्षी ऐन बहरात पानं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी.

कंदमुळे:
भुरीला दोन गोष्टी मानवतात: दाटी आणि मुळाशी कोरड. लोकांना वाटतं पानं ओली राहिली म्हणून भुरी येते. भुरीचं तसं नाही, तिला पानावर पाणी साचायला लागत नाही. दमट हवा आणि सुकलेली माती पुरते. वसंतात बेटातले कोंब विरळ करायचे, जाडजूड पाच-सहा ठेवून बाकी काढायचे. मन घट्ट करावं लागतं. मुळाशी पाणी, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. आणि नवीन घेणार असाल तर पांढरा 'डेव्हिड' घ्या, तो भुरीला सहसा दाद देत नाही. मोनार्डात 'जेकब क्लाइन' तसाच.

लिलीच्या पानांवरचा करपा मात्र ओल्या पानांवरच येतो. तपकिरी अंडाकृती डाग पडतात आणि खालून वर पानं झडत जातात. म्हणजे एकाच वाफ्यात दोन्ही आजार, आणि दोन्हींवर उपाय तोच: पाणी सकाळी, मुळाशी, आणि झाडांत हवा खेळती.

पानवेडी:
लाल किड्यांबद्दल कुणीच बोललं नाही? आमच्याकडे लिली म्हणजे लाल किडे.

मृद्गंधा:
त्यांना कसं विसरू! ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी: लिली बीटल, लाखेसारखा चकचकीत लाल, सहा ते आठ मिलिमीटर, डोकं आणि पाय काळे. दिसायला देखणा. हात जवळ नेला की पानावरून खाली उडी मारतो आणि उताणा पडतो. पोट काळं, मातीही काळी, सापडतच नाही. म्हणून पकडताना एक हात खाली ओंजळ करून धरायचा किंवा साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून पान हलवायचं.

खरं नुकसान अळ्या करतात. पानाखाली नारिंगी अंड्यांच्या वेड्यावाकड्या ओळी असतात, त्या बोटाने चिरडल्या तर निम्मं काम झालं. अळी बाहेर आली की स्वतःची विष्ठा पाठीवर घेऊन हिंडते. पानावर काळपट ओलसर गोळा दिसला आणि तो सरकताना दिसला तर तीच. पक्षी तोंड लावत नाहीत, आणि आपल्यालाही हात लावावासा वाटत नाही. हातमोजे घाला आणि पाण्याच्या फवाऱ्याने उडवा.

हा किडा डेलिलीला लागत नाही. लिलियम आणि फ्रिटिलेरिया हीच त्याची घरं.

पानवेडी:
मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन फेरी मारते आणि पानं उलटून बघते. फवारणी करत नाही, कारण शेजारीच नेपेटावर मधमाश्यांची झुंबड असते.

मातीत_हात:
एक विचित्र प्रकार झालाय. माझ्या एका एशियाटिक लिलीचा दांडा यंदा गोल नाही, चपटा आणि दोन बोटं रुंद आहे. वर इतक्या कळ्या आहेत की मोजायचा नाद सोडला. पानंही दाटीवाटीने, केसाळ झाल्यासारखी. हा काही रोग आहे का? उपटून टाकू? बाकीच्यांना लागेल अशी भीती वाटतेय.

कंदमुळे:
उपटू नका! याला फॅसिएशन म्हणतात. वाढीच्या टोकाला एका बिंदूऐवजी पट्टी तयार होते, आणि मग दांडा रुंदीत वाढतो. कोंब कोवळा असताना थंडीचा तडाखा बसणं, कीड लागणं किंवा टोकाला इजा होणं, कशानेही होऊ शकतं. लिलीत हे अधूनमधून दिसतं. शेजारच्या लिलींना लागण होईल म्हणून काढण्याची गरज नाही, आणि बहुतेक वेळा पुढच्या वर्षी तोच कंद सरळ दांडा देतो. फुलं थोडी लहान येतील, पण गुच्छ भरगच्च. फक्त आधाराला काठी द्या, कारण वरचा भार त्या चपट्या दांड्याला पेलत नाही. काठी कंदात घुसणार नाही एवढी लांब रोवा.

मातीत_हात:
हुश्श. काठी लावली. आता शेजारी फोटो काढायला येतायत.

उन्हाचा_चटका:
आमच्याकडे हिवाळा म्हणजे पंखा एकवर. लिली जमेल का? रेन लिली आणि स्पायडर लिली भरपूर आहेत.

कंदमुळे:
रेन लिली म्हणजे झेफिरँथिस, स्पायडर लिली म्हणजे हायमेनोकॅलिस. दोन्ही अमॅरिलिसच्या कुळातल्या, लिलियम नव्हेत. पण तुमच्या हवेला त्याच योग्य.

खऱ्या लिलीच्या कंदाला फुलण्यासाठी गारवा लागतो. कंद ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत, सहा ते आठ आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग लावले तर एक बहर मिळतो. फ्रीजमध्ये सफरचंदं असतील तर दूर ठेवा, पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कळीला मारक ठरतो. हा खटाटोप दरवर्षी करावा लागेल. त्यापेक्षा सदाहरित गटातल्या डेलिली लावा, त्यांना थंडीची फारशी पर्वा नसते.

अंगणवेल:
मृद्गंधा, ट्रंपेट लिली कोणती आहे तुमच्याकडे? आतून पिवळा घसा आणि बाहेरून पाकळीवर जांभळट छटा असलेली का?

मृद्गंधा:
हो, तीच. रिगल लिली. तिची मूळ जागा म्हणजे चीनमधल्या सिच्वान प्रांतातलं मिन नदीचं अरुंद, रुक्ष खोरं. अर्नेस्ट विल्सन या वनस्पती-संग्राहकाने ती पाश्चात्त्य बागांत आणली. १९१० साली तो तिचे कंद आणायला पुन्हा त्या खोऱ्यात गेला असताना दरड कोसळली आणि त्याचा पाय मोडला. कॅमेऱ्याच्या तिपाईच्या काठ्या पायाला बांधल्या, पण वाट एवढी अरुंद की समोरून आलेला खेचरांचा तांडा थांबवायला जागा नव्हती. त्याला वाटेवर आडवं झोपवलं आणि सगळी खेचरं त्याच्यावरून पाय टाकत गेली. एकाचाही खूर लागला नाही. पाय मात्र कायमचा अधू झाला. त्या लंगडण्याला तो स्वतः लिलीचं लंगडणं म्हणायचा.

एवढी किंमत मोजून आलेलं फूल, पण लाडावलेलं अजिबात नाही. निचरा चांगला असेल तर साध्या मातीत वर्षानुवर्षं येते. निचरा नसेल तर मात्र कुठलीच लिली नाही. कंद थंडीने मरत नाही, हिवाळ्यातल्या चिखलाने कुजून मरतो.

बापू_वाफेवाले:
किती खोल लावायचे?

मृद्गंधा:
कंदाच्या उंचीच्या तिप्पट. कारण लिलीला कंदाच्या वर, दांड्यालाही मुळं फुटतात आणि बरंचसं खाणं-पिणं त्यांच्यातून होतं. उथळ लावली तर त्या मुळांना माती मिळत नाही आणि दांडाही कलतो. अपवाद एकच, मॅडोना लिली. तिच्यावर दोन-तीन सेंटिमीटर माती पुरे.

खत बेताने. नत्र जास्त झालं की दांडा लुसलुशीत होतो आणि पहिल्या वाऱ्यात आडवा. कळ्या दिसू लागल्या की पालाश जास्त असलेलं द्रवखत, टोमॅटोला देतो तेच.

पानवेडी:
पिवळा पराग पांढऱ्या कुर्त्याला लागलाय. कुणी सांगेल का, लवकर?

अंगणवेल:
पाणी लावू नका! चोळूही नका!! चिकटपट्टी हलकेच टेकवून पराग उचला, पुन्हा पुन्हा नवीन पट्टी. मग कुर्ता कडक उन्हात टाका, उरलेला डाग फिका पडतो.

आणि पुढच्या वेळी फूल उमललं रे उमललं की परागकोश चिमटीने काढून टाका. ताजं उमललेलं असताना ते गुळगुळीत, बंद असतात, बोटांना काही लागत नाही. थोड्या वेळात ते उलगडून पिठूळ होतात, मग उशीर झालेला असतो.

पानवेडी:
पट्टीने बराच निघाला. ऊन आहे. धन्यवाद!

नुसताच_वाचक:
माझ्या बेटात यंदा फुलं कमी आणि पानं उदंड आहेत. खत कमी पडतंय का?

कंदमुळे:
जागा कमी पडतेय. डेलिलीचं बेट काही वर्षांनी मधून दाटतं. बहर संपल्यावर अख्खं बेट फावड्याने उचला, दोन काटेरी फावडी पाठीला पाठ लावून मधे घुसवा आणि फाका. पानं वीतभर ठेवून कापा, मग तुकडे लावा. शास्ता डेझीलाही हेच, तिचं तर दर दोन-तीन वर्षांनी करावं लागतं, नाहीतर मधला भाग मरतो. ल्यूथर बरबँकने १९०१ मध्ये बाजारात आणलेलं ते झाड, सौंदर्य भरपूर, आयुष्य बेताचं.

मातीत_हात:
मला लिली वाढवायच्या आहेत. टायगर लिलीच्या पानांच्या बगलेत काळे मणी आलेत, ते लावू का?

कंदमुळे:
लावा, प्रत्येक मणी म्हणजे एक नवीन झाड. हात लावताच सुटू लागले की तयार. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील. पण टायगर लिलीत विषाणू असू शकतो आणि ती स्वतः त्याची दाद लागू देत नाही. मावा तो बाकीच्या लिलींपर्यंत नेतो. म्हणून तिला वेगळ्या कोपऱ्यात ठेवा.

बापू_वाफेवाले:
माझ्या लिली झाडाच्या सावलीतून उजेडाकडे झुकल्यात. आत्ता हलवल्या तर?

मृद्गंधा:
आत्ता नको. पानं पिवळी पडली की शरदात हलवा, मुळं न तोडता, आणि लगेच लावा. मात्र आत्ताच प्रत्येक दांड्याजवळ खूण रोवून ठेवा. शरदात दांडा सुटून गेलेला असतो आणि मग अंदाजाने खणताना फावडं नेमकं कंदातून जातं.

पानवेडी:
खुणेच्या पट्टीवर नाव पेन्सिलीने लिहा बापू. मार्करची शाई उन्हाने उडते.

बापू_वाफेवाले:
पेन्सिल शोधतोय. नातवंडांच्या दप्तरात असेल.